काल्याच्या दिवसाचं रक्त

या, असे जवळ सरका. टाळ घडीभर मांडीवर ठेवा. बुवा उभे राहायला अजून अवकाश आहे, तोवर धुळ्यातली एक गोष्ट सांगून होईल. लहानच आहे, पण घशात अडकते.

कौतिक आबा रक्तपेढीच्या खिडकीत मान घालून ओरडत होते. मागे टेम्पोतून उतरलेला सगळा गाव बाह्या वर करून उभा.

"ताजं रगत ल्या म्हनस ना मी! बठ्ठा गाव लई उनू. आखो काय पाह्यजे तुमले?"

खिडकीतला प्रेमराज शांत होता, आणि त्या शांतपणानंच आबांचं डोकं जास्त फिरत होतं.

"आबा, याआधी रक्त कधी दिलं तुम्ही?"

"सप्तामा. काल्याना दिन."

"आणि या मंडळींनी?"

"बठ्ठास्नी तवयच दिन्हं."

"मग तीन महिने होईपर्यंत मला एकाचंही घेता येत नाही."

"आरे, मनाकडे पाहा तरी!" गावकऱ्यांतला मगन पोटावरून हात फिरवत पुढे आला. "मना एकलानं काढं तरी दोन पोऱ्या उभा ऱ्हातीन."

कुणी हसलं नाही. जळगावला फोन झाला होता. हव्या त्या रक्तगटाचं ताजं रक्त तिथंही नव्हतं.

वर वॉर्डात आबांचा मुलगा तेजस पडून होता. हायवेवर ट्रकनं मोटरसायकल उडवली, कंबरेचं हाड आणि मांडी मोडली. पिशवीवर पिशवी चढत होती. जीव राहिला, पण कालपासून अंगात ताप भरला होता आणि मांडीची जखम लाल होऊन फुगली होती.

आबांनी टांगलेल्या पिशवीवरची तारीख वाचली. काल्याचाच दिवस. मुदत परवा संपत होती.

"डाक्टरीनबाई, पोऱ्याले हाई शिळं रगत का बरं दी ऱ्हायनात?"

डॉक्टर सुलक्षणा पापणीसुद्धा न हलवता जखम बघत होत्या. "याच रक्तानं त्याला वाचवलंय, आबा. मुदतीतलं आहे. जुनी पिशवी आधी जाते, नाहीतर फेकावी लागते."

"मंग ताप कसाना?"

"जखमेत जंतू शिरलेत. आता नीट ऐका. थंडीत ठेवलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी हळूहळू फुटतात. अंगातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपले पहारेकरी. त्या हा गाळ उपसण्यात गुंततात, सुस्तावतात, आणि जंतूंना रान मोकळं मिळतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. काहींत दिसलेलं नाही. तेजसचा ताप त्यातलाच का, ते मला सांगता येत नाही."

"सांगता येत नही! मंग डाक्टर कसाले व्हयन्यात तुम्ही?"

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर आबांना बरं वाटलं असतं.

"एवढं सांगता येतं," त्या म्हणाल्या, "की इतक्या पिशव्या लागणाऱ्या माणसाला निदान थोडं ताजं द्यायला मिळावं, असं मला वाटत होतं. काल्याच्या दिवशी रक्त घ्यायला आले तेव्हा तुमच्या मंडपात मी हात जोडले होते. म्हटलं होतं, अर्ध्यांचं आज घेते, अर्ध्यांचं पुढच्या महिन्यात."

आबांना आठवलं. त्यांनी माइक हातात घेऊन उत्तर दिलं होतं, "आमना गावमा पुण्य उद्यावर नही ढकलतस, डाक्टरीनबाई!" मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला होता. बाया-माणसं रक्त द्यायला रांगेनं आडवी झाली होती, वर गळ्यात हार, फोटो, आणि मग दहीलाह्यांचा काला.

तेजसची बायको रूपाली इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती पिशवीकडे बघत म्हणाली, "यास्नी भी तवय दिन्हं व्हतं. यास्नंच रगत यास्ले चढी ऱ्हायनं आसीन, कोनले ठाऊक."

आबांनी पिशवीवरची तारीख पुन्हा वाचली. रूपालीच पुढे म्हणाली,

"एक इचारू, आबा? सप्तामा वीणा बठ्ठा जन एकच येळे धरतस का?"

तुम्हाला वेगळं सांगायला नको. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून उतरते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. आमच्या या आबांनीच वर्षानुवर्षं वीणेचे पहारे लावले. पाळी चुकवणाऱ्याला देवळाच्या पायरीवर उभं करून झापलं. आणि सगळे एकदम धावले की पुढच्या पहाऱ्याला माणूस उरत नाही, हेही तेच सांगायचे.

आबांना बसवेना. ते उठून खाटेशी गेले आणि पिशवी टांगलेला लोखंडी दांडा त्यांनी धरला. मग दुसरा हातही वर गेला. दांडा वीणेसारखा छातीशी आला. पाय आपोआप जुळले.

थेंब पडत होता. तेजसच्या ओठांवर कोरडा पापुद्रा धरला होता.

मगन चहा घेऊन दारात आला. "आबा, दोन घोट ली ल्या. तवपावत मी उभा ऱ्हास."

"तू नको," आबा हलले नाहीत. "तुनी पाळी नंतर. आते एकेकनी."

खाली टेम्पो अजून उभाच होता. गावानं बाह्या खाली केल्या नव्हत्या.

तेजसचा ताप उतरल्याचं अजून कानावर आलेलं नाही. बुवा आले वाटतं, उठा आता. पण एवढं करा मंडळी. तुमच्या गावी सप्ताह बसेल, वीणा तुमच्या गळ्यात येईल, आणि आधीचा माणूस हात मोकळे करून बाजूला होईल, तेव्हा आमच्या तेजसची आठवण काढा.