उमेबोशीसान

हॉलमध्ये शिरल्याशिरल्या नागात्सुकांची नजर व्यासपीठावर गेली. तिथे लाकडी तिवईवर एक पांढरी बशी होती आणि बशीत मधोमध एकच लालभडक उमेबोशी. मिठात मुरवलेलं ते आंबटढाण फळ लांबून पाहूनच त्यांचे दात आंबले. पण आज सुटका नव्हती. कंपनीच्या नव्या अध्यक्षांनी आधी ते तोंडात टाकायचं आणि मगच भाषण करायचं, असं प्रसिद्धी विभागातल्या पोरांनी मोठ्या हौसेनं ठरवलं होतं.

हौस वाटणारच. टेपरेकॉर्डरच्या विभागातला साधा कारकून व्हिडिओ गेमच्या विभागात आला आणि चढत चढत अध्यक्ष झाला, तो एका पाणमांजराच्या गेमच्या जोरावर. त्या काळी दुसऱ्या कंपन्या माणसं पळवतील या भीतीनं गेमच्या शेवटी खरी नावं देत नसत. ज्यानं त्यानं टोपणनाव घ्यायचं. पाणमांजर रचणाऱ्याचं नाव तिथे 'उमेबोशी' असं झळकायचं. पुढे एका मासिकाच्या वार्ताहरानं विचारलं, "उमेबोशी म्हणजे तुम्हीच ना?" नागात्सुका हो म्हणाले नाहीत. नुसते हसले आणि डोकं खाजवलं. दुसरा कुणी मूग गिळून बसला असता. नागात्सुकांच्या नशिबी उमेबोशी आली. तेव्हापासून जो तो त्यांना तीच खाऊ घालतो.

"अभिनंदन, साहेब."

मागून आवाज आला आणि ते वळले. समोरच्या बाईंच्या छातीवरच्या पट्टीवर लग्नानंतरचं नाव होतं, केस पांढरे झाले होते, पण एका पायावर भार देऊन उभं राहायची तऱ्हा तीच.

"इवाकिरीसान! तुम्ही? इकडे कुठे?"

"जुन्या लोकांच्या मंडळानं बोलावलं. म्हटलं, फुकटचं जेवण आहे, सोडा कशाला?" बाईंनी व्यासपीठाकडे हनुवटी उडवली. "अजून खाता येत नाही ना?"

"नाही."

"मग इतकी वर्षं काय केलंत?"

"गिळली."

बाई खळखळून हसल्या. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. दोघं गेमच्या विभागात असताना जेवणाच्या सुट्टीत नागात्सुका आपल्या डब्यातली उमेबोशी त्यांच्या डब्याच्या झाकणात टाकायचे. बाई रोज दोघांच्या वाटची खायच्या, म्हणून तर गेमसाठी बाईंनी ते टोपणनाव घेतलं होतं. मग बाईंचं लग्न ठरलं आणि तेव्हाच्या रीतीप्रमाणे नोकरी सुटली.

"घरी माहीत आहे?" नागात्सुकांनी खालच्या आवाजात विचारलं. "पाणमांजराचं?"

"छे! घरी मला टीव्हीचा रिमोटसुद्धा हातात देत नाहीत. नातीला सांगितलं होतं एकदा. म्हणाली, आजी, थापा मारू नकोस गं."

नागात्सुकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आज सांगतो," ते म्हणाले. "भाषणात. सगळ्यांसमोर."

बाईंचं हसू थांबलं. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी नागात्सुकांकडे नीट पाहिलं.

"खरंच?" त्यांनी घाईघाईनं पर्समधून फोन काढला. "मग तिला लावूनच ठेवते. ऐकू दे की तिलाही."

"उमेबोशीसान! या, वर या!" माईकवरून पुकारा झाला.

दोघांनीही मान वळवली.

नागात्सुका व्यासपीठावर चढले. कॅमेरे लखलखले. पहिल्या रांगेत मावळते अध्यक्ष बसले होते, संचालक होते, मागे सगळी तरुण पोरं माना उंचावून पाहत होती. मागच्या बाजूला बाई दोन्ही हातांनी फोन उंच धरून उभ्या होत्या. नागात्सुकांनी उमेबोशी तोंडात टाकली. एकच वाक्य बोलायचं होतं. वाक्य तयार होतं. फळ गालात सरकवूनही ते बोलता आलं असतं. पण ते चघळत राहिले, आणि आंबटपणानं म्हणा की कशानं, त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बघा, साहेबांना भरून आलं!" निवेदक ओरडला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"तुम्हा सर्वांचा आभारी आहे," नागात्सुका म्हणाले. कंबरेतून वाकले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

ते सरळ झाले तेव्हा तोंडात नुसती बी उरली होती. बाईंच्या हातात आता फोन नव्हता. त्यांनी जवळच्या टेबलावरची एक रिकामी बशी उचलली होती आणि नागात्सुकांच्या दिशेनं जराशी पुढे केली होती, डब्याचं झाकण करायच्या तशीच.