तेरा घरांची वाडी

आटलेल्या बोअरमध्ये जोराच्या दाबाने पाणी सोडून खालच्या खडकातल्या बुजलेल्या चिरा मोकळ्या करायच्या, हे जयरामकाकांचं वीस वर्षांचं काम. दाब किती चढवायचा, कधी थांबायचं, सगळं त्यांच्या हाताला ठाऊक. यंदा दाब स्वतःच सांभाळणारं मशीन आलं.

"मग मी आता घरी बसू का, मॅडम?" त्यांनी इंजिनिअर मंजुषाला विचारलं.

"घरी कशाला, काका? सात जणांचं दोन दिवसांचं काम आता आपण दोघं एका दिवसात उरकतो. बाकीचे पाच जण अशाच मशीनच्या नव्या गाड्यांवर गेले. खर्च निम्म्यावर आला, त्यामुळे तेवढ्याच निधीत नांदगाव तालुक्यातल्या आणखी आठ वाड्या होतील. कोणत्या घ्यायच्या, ते मशीनला कळत नाही. तुम्ही सांगा."

काकांनी जराही विचार न करता एका वाडीचं नाव सांगितलं.

वाडीत मशीनने दाब चढवला, चिरा मोकळ्या होताच पंप स्वतःच बंद केला. काका नुसते बघत उभे होते. संध्याकाळी हापसा परत बसवला आणि चार वेळा दांडा मारताच पाणी आलं.

साळूबाई हंडा घेऊन पुढे आल्या आणि काकांकडे निरखून बघत राहिल्या.

"मागं येऊन, 'तेरा घरांसाठी एवढा खर्च परवडत नाय' म्हणून सांगून गेलते, ते तुमीच ना?"

"मीच, आजी," काका म्हणाले आणि त्यांचा हंडा घेऊन हापसू लागले.