हरकत

शनिवारी संध्याकाळी पप्पा आरशासमोर उभे राहून नवा चष्मा घालत होते, काढत होते आणि पुन्हा घालत होते. वर्षभरातला हा चौथा. माणसाचा नंबर फार तर दोन वर्षांनी बदलतो. पप्पांचा दर मोसमाला बदलत होता, आणि तो का बदलतो हे साऱ्या गल्लीला चष्म्याच्या दुकानातल्या बाईंच्या आधी कळलं होतं. शेवटी बाईंनीच विचारलं म्हणे, "मिस्त्री, डोळे तुम्हाला दोनच आहेत ना?" त्यावर पप्पांनी लग्नाचं विचारलं.

मुलगी खाली बसून त्यांच्या कोटाच्या बाह्या आखूड करत होती. तयारीत ती कुठेच मागे नव्हती. हॉल तिनं ठरवला, केक तिनं चाखून पाहिला. पप्पा मिशा रंगवायला निघाले तेव्हा 'या वयात हे चाळे शोभत नाहीत' असं बजावून, शेवटी ब्रशही तिनंच हातात घेतला. फक्त एक गोष्ट तिनं केली नव्हती. ती 'हो' म्हणाली नव्हती. पप्पांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा' म्हणाली, आणि नंतरही दर वेळी तेच. जन्मभर लोकांचे नळ दुरुस्त केलेल्या पप्पांना ही गत ओळखीची होती: तोटी सोडलेली, पण मागून पाणी बंद.

पाणी कुठे अडलंय हेही त्यांना ठाऊक होतं. आईला जाऊन चार वर्षं झाली, तरी 'आई गेली' असं तिच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. कुणी विचारलंच तर 'आई नसते आता' म्हणायची. जणू आई बदली होऊन दुसऱ्या गावी राहायला गेली आहे.

उद्या तिसरी वेळ होती. लग्न ठरलं की तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात. कुणाला हरकत असेल तर वेळेवर सांगता यावी म्हणून. पहिल्या दोन वेळा निवृत्त मास्तरांनी वाचलं होतं. उद्या वाचायची पाळी तिची. तिनं मास्तरांकडे पाळी बदलून मागितली, तर ऐनवेळी मास्तरांचा घसा बसला. बसलेल्या घशाचे मास्तर दुपारी बाजारात मासेवालीशी चांगले खणखणीत भांडत होते.

"कागदावरचं तू नीट वाचशील, ते मला माहीत आहे," पप्पा आरशातूनच म्हणाले. "ते फादरांचं बोलणं झालं. तुझं स्वतःचं 'हो' ऐकू आलं नाही, तर मी हरकत घेईन."

"स्वतःच्या लग्नाला?"

"घेता येते. कुणालाही घेता येते."

ती हसली आणि दातांनी दोरा तोडला. पप्पा हसले नाहीत.

रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना संपत आली तशी ती सूचना वाचायला उभी राहिली. पप्पा उजवीकडच्या बाकावर, बाई डावीकडच्या. लग्नाआधी एका बाकावर बसायचं नाही हा बाईंचा नियम; पण दोघंही अगदी कडेला बसत, मध्ये जेमतेम चालायची वाट. तिनं मुलांच्या वर्गाची बदललेली वेळ सांगितली, कुणाची तरी विसरलेली छत्री सांगितली. मग पप्पांचं नाव वाचलं. त्यापुढे 'विधुर'. त्यापुढे 'दिवंगत', आणि आईचं पूर्ण नाव. शब्द लिहिलेले होते म्हणून निघाले. लिहिलेल्या शब्दांचं तेवढं बरं असतं. मग बाईंचं नाव आलं, आणि बाईंनी उगाच केस सारखे केले.

"या विवाहाला कुणाची हरकत असल्यास त्यांनी ती फादरांना कळवावी."

इथे जरा थांबायची रीत होती. ती थांबली. पुढच्या बाकावरच्या बहिऱ्या आजी शेजारणीच्या कानात, म्हणजे पाच बाकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "हरकत कसली? उशीरच केलाय मेल्यानं." हसू बाकांवरून मागे मागे सरकत गेलं. फादर खाली मान घालून बुटांकडे बघू लागले.

पप्पांनी समोरच्या बाकाची पाठ धरली आणि ते उठू लागले. लोकांच्या मोऱ्यांत वाकून झिजलेले गुडघे, त्यांना उठायला वेळ लागला. अर्ध्या लोकांना वाटलं, पायात गोळा आला. बाईंचा हात आपोआप मधल्या वाटेवर पुढे झाला. पप्पा सरळ झाले, खाकरले, आणि शाळेतल्या पोरासारखा त्यांनी हात वर केला. नजर तिच्यावर.

हसू थांबलं. हा माणूस खरंच बोलेल, हे तिला कळलं. तिनं कागदाकडे पाहिलं. त्यावर आता काही उरलं नव्हतं.

"पप्पा, खाली बसा," ती म्हणाली.

ते बसले नाहीत. माईक चालूच होता. तिचा श्वाससुद्धा शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता.

"आई गेली, पप्पा," ती म्हणाली. "आणि तुम्ही घरात परत शीळ घालायला लागलात, ते मला आवडतं. हो. करा लग्न."