समितीसमोर दिलेलं उत्तर

"ही चादर कुणाची?" फिटरने विचारलं.

"संघटनेची," नर्स म्हणाली. "सगळंच संघटनेचं."

दोन खाटांवर दोन ढीग लागत होते, एक त्याचा, एक तिचा. काल संघटना बहुमताने विसर्जित झाली होती. कार्यालयाच्या वरची ही खोली आज रिकामी करायची होती. संघटनेने मंजूर केलेली लग्नंही आता ज्याच्या त्याच्या मर्जीवर होती. या दोघांनी ठरवायला वेळ लावला नव्हता. "तुला मोकळं व्हायचं असेल तर..." तो म्हणाला होता. "तुझी हरकत नसेल तर," ती म्हणाली होती. इतक्या सभ्यपणे कुणी संसार मोडला नसेल.

दाराशी खुर्चीवर अक्का बसल्या होत्या. खोली ताब्यात घ्यायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. एके काळी त्या संघटनेच्या लग्न समितीच्या प्रमुख होत्या. आता गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती.

"चादरीवरून जरा भांडा तरी रे," त्या म्हणाल्या. "संसार मोडताय की दुकान आवरताय?"

फिटरने चादर घडी करून अक्कांच्या खुर्चीजवळ ठेवली.

लग्नाला समितीची परवानगी लागे. प्रेमात पडलेली माणसं आधी एकमेकांची होतात आणि उरली तर चळवळीची, असं संघटनेचं मत होतं. म्हणून समिती दोघांना वेगवेगळं बोलावून एकच प्रश्न विचारी: या व्यक्तीबद्दल तुला शरीराची ओढ वाटते का? 'नाही' म्हणणाऱ्यांनाच एकत्र राहता येई. प्रश्न संपायच्या आत नर्सने 'नाही' म्हटलं होतं. मग भर सभेत दोघांची उत्तरं वाचून दाखवली गेली. त्याचंही 'नाही' होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नर्स खोटं बोलली होती.

त्यानंतर ती रोज वॉर्डात परक्या अंगांना हात लावत राहिली. सुया टोचल्या, जखमा धुतल्या, पाठी चोळल्या. घरी मात्र त्याला पाणी देताना बोटांना बोटं लागू नयेत म्हणून ती पेला टेबलावर ठेवायची. त्याला आपल्याबद्दल काही वाटत नाही, हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. बायकोचं शरीर ही नवऱ्याची मालमत्ता नव्हे, असं तो कारखान्याच्या फाटकावर घसा फोडून सांगायचा, तेव्हा गर्दीत मागे उभी असलेली ती ड्यूटीची वेळ विसरायची. तो विचार आवडायचा की तो आवाज, हे तिला कधी वेगळं काढता आलं नाही. एकदा त्याला ताप आला. ताप उतरला, तरी तिने मनगट हातात घेतलं की त्याची नाडी धावत सुटे. काळजी वाटून तिने त्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

आता तिने एक निळा शर्ट घडी करून आपल्या ढिगावर ठेवला.

"अगं, तो त्याचा आहे," अक्का म्हणाल्या.

"माहीत आहे."

फिटर वळला. नर्सने शर्टावरचा हात काढला नाही. वॉर्डात ती कठीण बातमी ज्या आवाजात सांगायची, त्याच सपाट आवाजात ती म्हणाली, "मी समितीसमोर खोटं बोलले होते."

फिटर खाटेवर बसला. त्याचा ढीग कलंडला, चपला, पुस्तकं, दाढीचं सामान सगळं जमिनीवर आलं. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

"मीसुद्धा," तो म्हणाला.

खाली रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली.  नर्स दोन खाटांमधल्या जागेकडे बघत होती. एक माणूस अंग चोरून जेमतेम जाईल एवढीच ती जागा होती.

"मग कधी हात का नाही लावलास?"

"तू नाही म्हणाली होतीस. सगळ्यांदेखत. ते 'नाही' मी मोडलं असतं, तर कुठल्या तोंडाने फाटकावर उभा राहिलो असतो मी?"

तिला हसू आलं आणि ते अर्ध्यावरच फुटून डोळ्यांत आलं. ती त्याच्या शेजारी बसली. त्याने हात पुढे केला, तो हवेतच थांबला. "चालेल?" त्याने विचारलं. ती मान हलवणार होती, पण मानेचा भरवसा वाटेना, म्हणून तिनेच तो हात धरला. दोघंही त्या हातांकडे असे बघत राहिले, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते.

मग फिटरला दाराशी बसलेल्या अक्कांची आठवण झाली. तो ओशाळला.

"अक्का, आम्ही समितीला फसवलं."

"फसवलं?" अक्का म्हणाल्या. "अरे, ज्यांना खरंच काही वाटत नसे ते विचारात पडायचे. डोकं खाजवायचे. 'सांगता येत नाही,' म्हणायचे. त्यांना आम्ही घरी पाठवायचो. प्रश्न पुरा व्हायच्या आत जे 'नाही' म्हणून ओरडायचे, तेवढ्यांनाच खोली द्यायचो. दगड होतो का आम्ही? बाकीच्या सगळ्यांनी ते 'नाही' जिना चढतानाच टाकून दिलं."

त्या बोलायच्या थांबल्या. भिंतीला टेकलेल्या एका खाटेकडे त्यांनी पाहिलं, मग समोरच्या भिंतीला टेकलेल्या दुसऱ्या खाटेकडे. खुर्चीचे हात धरून, दुखऱ्या गुडघ्यांवर त्या सावकाश उभ्या राहिल्या, सभेत मोठं माणूस आलं की उभ्या राहायच्या तशा.

"त्या नियमावर एवढा विश्वास," त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या समितीत कुणाचाच नव्हता रे."