दोन इंचांचा उंबरठा

"काम पूर्ण झालंय, वहिनी. आता तोडफोड होणार नाही." ठेकेदार काशीद नव्या बाथरूमच्या दारात हात बांधून उभा राहिला.

"उंबरठा नको, हे मी तीनदा सांगितलं होतं," मृणालिनी म्हणाली. "यांची व्हीलचेअर आत जात नाही."

"उंबरठ्याशिवाय पाणी हॉलमध्ये येईल. वीस वर्षं हेच करतोय मी. आणि दोन इंचच तर आहे, जरा जोर लावायचा."

तिचा आवाज चढणार, तेवढ्यात तिचा नवरा श्रीरंग हातांवर भार देत खुर्चीतून सोफ्यावर सरकला. अपघातानंतर आठ महिने तो परक्या माणसाशी बोललाच नव्हता.

"बसा काशीद," तो म्हणाला. "पाय न टेकवता आत जाऊन दाखवा."

काशीद हसत बसला. चाकं उंबरठ्याला धडकली. त्याने सगळा जोर लावला, तशी खुर्ची मागे कलंडली. मृणालिनीने धरली म्हणून तो वाचला.

"ही दिवसभर ऑफिसात असते," श्रीरंग शांतपणे म्हणाला. "मी घरात एकटा असतो."

काशीदने खुर्चीतूनच वाकून उंबरठ्यावर हात फिरवला. मग त्याने हलक्या आवाजात विचारलं, "वहिनी, घरात हातोडा आहे का?"