मनगटावरचं अत्तर

बुवांचा घसा पार बसला होता आणि देवळात गॅसबत्त्या लागायला तासच उरला होता. आज उत्सवाचं शेवटचं कीर्तन, अख्खी डोंबिवली लोटणार. ताज्या मधानं आवाज मोकळा होईल म्हणून बुवा आमच्या परसात येऊन बसले. मी मधमाश्यांच्या पेटीचं झाकण उचललं की माश्या चवताळून अंगावर येत. धूर दिला तरी तीनदा पळालो. "अहो, मनगट हुंगा स्वतःचं," बायको ओरडली. "वासानं बिथरल्यात त्या. आठवडाभर आंघोळीतसुद्धा हात वर धरताय!" "अगं, बुवांनी कीर्तनात लावलेलं अत्तर ते. प्रसाद धुतात का कुणी?" बुवा उठले. आवाज नव्हताच. त्यांनी तांब्या घेतला, माझा हात धरला आणि राखेनं मनगट खसाखसा घासून धुतलं. मी पुन्हा झाकण उचललं. एक माशी मनगटावर बसली, बोटापर्यंत चालत गेली आणि उडाली.