ड्रायव्हरएवढं वजन

"हलू नकोस," दाजी चाकाच्या आडून ओरडले. "तू हललास की आकडे नाचतात."

मेव्हणा ड्रायव्हरच्या सीटवर अंग चोरून बसला होता. तो आला होता बोलायला. पण दारातच दाजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बरा आलास. वजनाला माझ्याएवढाच दिसतोस." चहा नाही, पाणी नाही, माहेरी गेलेली आपली बायको कशी आहे ही चौकशी तर नाहीच. सरळ गाडीत कोंबलं. गाडी तरी कसली, दोन माणसं जेमतेम मावतील अशी, आणि बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच. तिला नवं सस्पेन्शन बसवण्याचं खूळ चाललं होतं. चारही चाकांखाली एकेक वजनकाटा आणि प्रत्येक स्प्रिंगला एक कडी. कडी फिरवली की गाडी त्या कोपऱ्यात वर-खाली व्हायची. एक कोपरा उचलला की त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यावरही भार वाढायचा, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चालवणाऱ्याचं वजन धरून चारी कोपरे जुळवायचे होते, आणि चालवणारा स्वतः तर पाना घेऊन खाली लोळत होता.

"ताई यायला तयार आहे," मेव्हण्याने एकदाचा विषय काढला. "तुम्ही फक्त एकदा 'ये' म्हणा. फोनवर म्हणालात तरी चालेल."

"मागचं डावं फार हट्टी आहे," दाजी म्हणाले.

मेव्हण्याच्या मस्तकात तिडीक गेली. ताई कितीतरी महिने माहेरी बसून होती. फोन वाजला की घरात सगळ्यांच्या आधी तिची मान वळायची. आणि हा शहाणा इथे गुडघे टेकून स्प्रिंगवरची धूळ फुंकर मारून उडवत होता, वर खिशातल्या स्वच्छ रुमालाने ती पुसत होता. ताई तापाने फणफणली होती तेव्हा त्याने तिच्या कपाळाला हातसुद्धा लावला नव्हता. अशा माणसापुढे पदर पसरायचा, याची मेव्हण्याला किळस आली. पण त्यांचा होकार घेऊनच येतो, असं तो ताईला सांगून निघाला होता. म्हणून त्याने राग गिळला.

दाजी उठले. बॉनेट दाबून त्यांनी गाडी दोनदा हलवली, काट्यांचे आकडे पाहिले आणि स्वतःशीच खूश झाले. मग खिडकीत वाकले. आज पहिल्यांदाच त्यांनी मेव्हण्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"ती नक्की येणार आहे का रे?"

मेव्हण्याचा जीव भांड्यात पडला. "नक्की म्हणजे काय, आजच आणून सोडतो! तुम्ही फक्त—"

"तसं नव्हे. बाजूच्या सीटवर वजन धरायचं की नाही, ते आत्ताच ठरलेलं बरं. नंतर सगळं परत खोलत बसावं लागतं."

मेव्हण्याने दाजींच्या तोंडावर हसू शोधलं. थट्टा असती तर बरं झालं असतं.

"नका धरू," तो म्हणाला आणि दार ढकलून कसाबसा बाहेर आला.

चारही काट्यांवरचे आकडे घसरले.

"अरे, अरे!" दाजी अगदी कळवळून ओरडले. "थांब ना! असं मधूनच उठून कुणी जातं का?"